बोंडापासून सोडणापर्यंत : कोकणातल्या बागायतीचे दुय्यम पीक

कोकणातल्या बागायतीचा हिशेब काजूबी, आंबा, आमसूल, नारळ आणि भात यांच्यात मांडला जातो. बागेतून आणि शेतातून निघणाऱ्या मालाचा वजनाने मोठा भाग मात्र या हिशेबात येत नाही. एक किलो काजूबीमागे साधारण सात ते दहा किलो बोंडे निघतात. कॅनिंगला गेलेल्या आंब्याचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग साल आणि कोय म्हणून बाहेर पडतो. रातांब्याच्या सालीचे आमसूल होते आणि बी उकिरड्यावर जाते. नारळ सोलला की सोडण उरते, भात झोडले की पेंढा आणि भरडले की तूस. या सगळ्यांतून विकण्याजोगे किंवा घरी वापरण्याजोगे काही ना काही निघते, पण प्रत्येकाची थांबण्याची ताकद वेगळी असते. बोंड काही तास थांबते, आंब्याची कोय काही आठवडे, वाळवलेली रातांब्याची बी काही महिने आणि सोडण वर्षभर. म्हणून कशापासून काय करायचे हे हंगाम सुरू होण्याआधी ठरवावे लागते, आणि नियोजनाची सुरुवात सर्वांत लवकर नासणाऱ्या मालापासून करावी लागते.

दुसरे सूत्र उपयोगाच्या क्रमाचे आहे. माणसाने खाण्याजोगे जे आहे ते आधी वेगळे करावे, त्यानंतर जनावरांचा चारा पाहावा, मग धागा, तेल आणि इंधन. खत सर्वांत शेवटी. कुठल्याही अवशेषाचे खत केव्हाही करता येते, पण खड्ड्यात गेलेल्या बोंडाचा रस परत मिळत नाही. ‘कचऱ्यापासून खत’ हा मंत्र चांगला असला तरी कोकणात त्याने बरेच नुकसानही केले आहे. खाण्याजोगा माल थेट खड्ड्यात टाकून काम झाले असे मानण्याची सवय त्यातूनच लागली.

काजूचा हंगाम मार्च ते मे. बोंडात क जीवनसत्त्व संत्र्याच्या चार-पाच पट असते आणि रसाचे प्रमाणही भरपूर. चांगल्या दाबयंत्रातून वजनाच्या साठ टक्क्यांहून जास्त रस निघतो. तरीही रत्नागिरी-सिंधुदुर्गात बहुतेक बोंडे झाडाखालीच कुजतात. याला दोन कारणे आहेत. साल अतिशय पातळ असल्याने फळ पडताक्षणी ठेचले जाते आणि त्याच दिवशी आंबू लागते, आणि रसातल्या टॅनिनमुळे घसा खवखवतो. पहिल्या अडचणीला उपाय शिस्तीचा आहे. प्रक्रियेसाठीची बोंडे सकाळीच गोळा करावीत, पडून फुटलेली आणि मुंग्या लागलेली वेगळी काढावीत, बी पिळा देऊन सोडवावी आणि फळे उथळ, भोकांच्या क्रेटमध्ये ठेवावीत. पोत्यात भरलेली बोंडे संध्याकाळपर्यंत कामातून जातात. बी सोडवताना टरफल फुटू देऊ नये, कारण त्यातले तेल कातडी भाजते आणि रसात उतरले तर रस वाया जातो.

तुरटपणावरचा उपाय स्वयंपाकघरातलाच आहे. स्वच्छ धुतलेल्या बोंडांचा रस काढून गाळावा. एक लिटर रसासाठी पाच ग्रॅम साबुदाण्याचे पीठ थोड्या पाण्यात शिजवून पातळ खळ करावी, थंड झाल्यावर रसात ढवळावी आणि भांडे साधारण बारा तास हलवू नये. टॅनिन खळीला चिकटून तळाशी बसते आणि वरचा निवळ रस अलगद ओतून घेता येतो. भांडी स्टीलची वापरावीत. लोखंडाशी टॅनिनचा संबंध आला की रस काळवंडतो. निवळलेल्या एक किलो रसाचे स्क्वॅश करायचे तर सुमारे 1.7 किलो साखर, सव्वा लिटर पाणी आणि 35 ग्रॅम सायट्रिक आम्ल लागते. साखर, पाणी आणि आम्ल एकत्र उकळून पाक गाळावा, पूर्ण थंड झाल्यावर रस मिसळावा. टिकवण्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट किलोमागे 610 मिलिग्रॅम या प्रमाणात, म्हणजे या चार किलोंना साधारण 2.4 ग्रॅम, थोड्या रसात विरघळवून घालावे. हे प्रमाण अंदाजाने घालण्याची चूक घरगुती उद्योगात सर्रास होते. जास्त झाले तर माल कायद्यात बसत नाही, कमी झाले तर बाटल्या फुगतात. छोटा वजनकाटा ही या धंद्यातली पहिली खरेदी असावी.

कोवळी, कडक बोंडे लोणच्याला आणि कँडीला चालतात. ती पाच टक्के मिठाच्या पाण्यात तीन दिवस ठेवून पाणी रोज बदलले की तुरटपणा बराच उतरतो. रस काढल्यावर उरणारा चोथा आंबट असतो. तो लगेच पसरून वाळवला तर जनावरांच्या खुराकात थोड्या प्रमाणात मिसळता येतो. ओला ढीग तसाच ठेवला तर एका रात्रीत त्यावर चिलटे बसतात. चारा म्हणून लागत नसेल तर शेण आणि सुका पाला मिसळून खतात घालावा.

याच फळाचा सबंध उपयोग करण्याची परंपरा शेजारच्या गोव्यात आहे. तिथे पिकून आपोआप पडलेली बोंडेच वेचतात, दगडात कोरलेल्या कोळंबीत तुडवतात आणि चोथा रचून त्यावर वजन ठेवून निथळणारा नीरो ताजाच पितात. आंबवलेल्या रसाच्या पहिल्या ऊर्ध्वपातनातून हुराक आणि पुढच्या ऊर्ध्वपातनातून फेणी निघते. गोव्याच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परवान्याशिवाय दारू गाळणे हा गुन्हा आहे, त्यामुळे घरगुती पातळीवर हा मार्ग बंद समजावा. शिकण्यासारखी गोष्ट तिथली व्यवस्था आहे. बोंडे वेचणारा, तुडवणारा आणि भट्टी चालवणारा एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असतात, म्हणून फळ नासण्याआधी कामी येते. रस काढण्याचे यंत्र तालुक्याच्या गावी आणि बागा वीस किलोमीटरवर असतील तर तो प्रकल्प चालणे कठीण. यंत्र लहान असले तरी चालेल, पण ते वाडीत असावे.

काजूच्या टरफलाला हा नियम लागू नाही, ते थांबते. त्यात वजनाच्या पाव हिश्शाच्या आसपास तेल असते आणि ते रंग, राळ आणि वाहनांच्या ब्रेकच्या अस्तरांसाठी विकत घेतले जाते. काजू कारखान्याने टरफल कोरडे साठवून तेलघाण्याला द्यावे. ते चुलीत जाळू नये, धूर डोळ्यांना आणि छातीला फार त्रासदायक असतो. खतातही घालू नये.

आंब्याच्या बाबतीत कॅनिंगवाल्यांकडच्या कोयींचा ढीग ही खरी संपत्ती आहे. कोकणातल्या रोपवाटिका कोय कलमासाठी याच कोयी उचलतात, आणि ज्या फळाचा रस डब्यात गेला त्याच्याच कोयीवर पुढची बाग उभी राहते. मात्र आंब्याची बी वाळली की मरते. कोयी गराचा लवलेश न ठेवता धुवाव्यात, पाण्यात टाकून तरंगणाऱ्या काढून टाकाव्यात आणि बुडालेल्या सावलीत ठेवून काही दिवसांत गादीवाफ्यावर लावाव्यात. पेरलेल्या कोयीला पावसाळी हवेत साधारण तीन आठवड्यांत कोंब येतो. रोप दहा-पंधरा दिवसांचे, पाने अजून तांबूस आणि खोड कोवळे असताना ते कोयीपासून काही सेंटिमीटरवर छाटतात आणि त्यात तीन-चार महिने वयाच्या हापूसच्या काडीचे पाचरीसारखे टोक बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधतात. जून ते ऑगस्टची दमट हवा या कामाला अनुकूल असते. ज्या घराकडे चांगले मातृवृक्ष आणि हात बसलेला एक कलम बांधणारा आहे, त्याने कोयींचे दुसरे काही करण्याच्या भानगडीत पडू नये.

पेरण्याजोग्या नसलेल्या कोयींच्या आतल्या गरात साधारण 6 ते 12 टक्के स्निग्धांश असतो. गुणधर्माने तो कोकोच्या लोण्याजवळचा आहे आणि मिठाई व सौंदर्यप्रसाधनांत वापरला जातो. पण तो काढायला कारखानाच लागतो. कारखाना जवळ नसेल तर कोयी वाळवून इंधन करणे हाच सरळ मार्ग. एक सावधगिरी महत्त्वाची : कोयीत भुंगा असलेली फळे आणि फळमाशीने सडवलेली फळे उघड्या खड्ड्यात टाकू नयेत. त्यांतून पुढच्या हंगामाची कीड बाहेर पडते. ती दोन-अडीच फूट खोल पुरावीत किंवा घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत उन्हात ठेवून आतल्या अळ्या मरू द्याव्यात.

फणसाच्या आठळ्या भाजून, उकडून आणि भाजीत घालून खाण्याची पद्धत घरोघर आहेच. जास्त झालेल्या आठळ्या वाळवून, वरचे पांढरे साल काढून त्यांचे पीठ करता येते. गव्हाच्या किंवा नाचणीच्या पिठात ते थोडे मिसळले तर चव बिघडत नाही. बाहेरचे काटेरी साल आणि गऱ्यांभोवतीच्या पाती गुरे आवडीने खातात.

रातांब्याच्या बीकडे झालेले दुर्लक्ष सर्वांत अनाकलनीय आहे, कारण तिचा उपयोग कोकणाला जुन्या काळापासून माहीत होता. आमसुलासाठी साल काढून तिला बीभोवतीच्या गराच्या आणि मिठाच्या रसाची पुटे देत उन्हात वाळवतात. रस निथळल्यावर उरलेल्या बियांमध्ये वजनाच्या सुमारे पाव हिस्सा स्निग्धांश असतो. त्याचेच कोकमतेल होते. नाव तेल असले तरी ते नेहमीच्या हवेत घट्ट असते आणि 40 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. पायांच्या भेगांना, फाटलेल्या ओठांना आणि भाजलेल्या जागी ते लावण्याची पद्धत घराघरांत होती. आज साबण, मलमे आणि लिपस्टिक बनवणारे कारखाने त्याची खरेदी करतात.

काढण्याची घरगुती रीत अशी आहे. बिया राखाडी-पांढऱ्या होईपर्यंत कडक उन्हात वाळवाव्यात. रातांबा मे महिन्यात पिकतो आणि जूनचा पाऊस दारात उभा असतो, म्हणून आमसुलाच्या चटया आणि बियांच्या चटया एकाच वेळी उन्हात जायला हव्यात. ओल राहिलेल्या बीला बुरशी लागते आणि तेलाला वास येतो. पूर्ण वाळलेली बी हवाबंद डब्यात पावसाळाभर राहते आणि तेलाचे काम दिवाळीनंतर सवडीने करता येते. बी फोडून आतला गर कुटावा, चौपट-पाचपट पाण्यात मंद आचेवर उकळावा आणि वर आलेला स्निग्धांश डावाने काढत जावे. तो गाळून पुन्हा तापवला की उरलेले पाणी उडून जाते. नंतर निवू लागलेला गोळा मुठीत दाबून वळतात. या रीतीने बीतला सगळा स्निग्धांश हाती लागत नाही, घाण्यात बराच जास्त मिळतो. वाडीतल्या पाच-सात घरांनी बिया एकत्र करून घाण्यावर नेल्या तर श्रम वाचतात. उरलेली पेंड नारळाच्या आळ्यात खत म्हणून जाते. कारखान्याला विकायचे तर माल पांढरट, वासरहित आणि पाण्याचा अंश नसलेला लागतो. करपट वासाच्या तेलाला गिऱ्हाईक मिळत नाही.

नारळाचा एकही भाग टाकायचा नसतो असे म्हणण्याची पद्धत आहे, तरीही सोडणांचे ढीग जळताना दिसतातच. सोडणाच्या वजनात धागा एक तृतीयांशाच्या आसपास, बाकीचा भुसा. धाग्यासाठी सोडणे खाडीच्या पाण्यात सहा ते दहा महिने कुजवण्याची जुनी रीत चिवट आणि सोनेरी काथ्या देते. काही दिवस भिजवून यंत्रावरही धागा सुटतो, तो जाडसर असतो आणि पायपुसण्यांना, गाद्यांना चालतो. घरच्या बागेपुरती सोडणे असतील तर काथ्याच्या मागे लागण्याऐवजी ती बागेतच पुरावीत. माडाच्या बुंध्यापासून दीड ते दोन मीटरवर अर्धा मीटर रुंद आणि तितकाच खोल चर खणून सोडणे खोलगट बाजू वर करून थरांनी रचावीत, प्रत्येक थरावर माती टाकावी. पावसाळ्यात ती स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरतात आणि मार्च-एप्रिलमध्ये मुळांना देतात. त्यांचा परिणाम पाच-सात वर्षे टिकतो. जांभ्या दगडाच्या निचऱ्याच्या जमिनीत इतका स्वस्त आणि टिकाऊ उपाय दुसरा नाही.

काथ्याच्या कारखान्यात साठणारा भुसा ताजा असताना झाडांना घालू नये. त्यात नत्र फारच कमी, लिग्निन जास्त आणि खाडीच्या पाण्यात कुजवलेल्या सोडणांचा असेल तर क्षारही भरपूर. असा भुसा जमिनीतले नत्र ओढून घेतो आणि पिके पिवळी पडतात. आधी गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवावा. मग एक टन भुशाचे शंभर-शंभर किलोंचे दहा थर करावेत. एका थरावर धिंगरी अळिंबीचे बियाणे आणि पुढच्या थरावर युरिया असे आलटून-पालटून पसरावे. एका टनाला युरिया एकूण पाच किलो आणि बियाणे दीड किलो लागते. ढीग सावलीत आणि सतत ओलसर ठेवला तर महिनाभरात भुसा काळपट होतो. असे खत कुंड्यांसाठी आणि रोपवाटिकेसाठी उत्तम. शहरातले गच्चीवर बाग करणारे ते विटांच्या रूपात विकत घेतात.

झावळ्यांचे हीर काढून झाडू होतात, उरलेल्या पानांचे गांडूळखत करता येते. कासरगोडच्या केंद्रीय रोपवण पिके संशोधन संस्थेने नारळाच्या चिवट पानांवर जगणाऱ्या युड्रिलस जातीच्या गांडुळांवर आधारलेली पद्धत विकसित केली आहे. पाने काही आठवडे पावसापाण्यात जुनी होऊ द्यावीत, वजनाच्या एक दशांश शेणाचा रबडा मिसळावा आणि मग गांडुळे सोडावीत. अडीच महिन्यांत पानांच्या वजनाच्या सुमारे 70 टक्के खत मिळते. करवंटीचा उपयोग कोळशासाठी. एक टन कोळशाला सुमारे 30,000 अख्ख्या करवंट्या लागतात, त्यामुळे हा एका घराचा धंदा नाही. खोबऱ्याचा किंवा तेलाचा मोठा व्यवसाय जिथे असेल तिथेच तो परवडतो.

भाताच्या पेंढ्यावर पहिला हक्क गुरांचा. ज्या घरातून गुरे गेली आहेत, तिथे त्यावर धिंगरी अळिंबी घ्यावी. त्याच हंगामातला, कोरडा, बुरशी न लागलेला पेंढा तीन ते पाच सेंटिमीटर लांबीचा कापून आठ-दहा तास भिजवावा, 80 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवावा आणि निथळू द्यावा. मुठीत दाबून पाहिल्यावर तळहात ओला व्हावा, पण थेंब गळू नये. थरांवर बियाणे पसरत प्लॅस्टिकच्या पिशव्या भराव्यात, त्यांना भोके पाडावीत आणि अंधाऱ्या खोलीत दोन-तीन आठवडे ठेवाव्यात. पांढऱ्या तंतूंनी पेंढा बांधला गेला की पिशवी कापून काढावी आणि गठ्ठ्यावर दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा द्यावा. कोकणातली दमट हवा इथे कामी येते, उन्हाळ्यात मात्र खोलीभोवती ओले गोणपाट लागते. एक किलो कोरड्या पेंढ्यावर पाऊण किलोच्या आसपास ताजी अळिंबी मिळावी. काढणी संपल्यावरचा पेंढा मऊ आणि अर्धवट कुजलेला असल्याने खतात लवकर मुरतो.

कोकणच्या चारसूत्री भातलागवडीतले पहिले सूत्रच भाताचे अवशेष शेताला परत देण्याचे आहे. रोपवाटिकेत दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख मातीत मिसळतात आणि पहिल्या नांगरणीला हेक्टरी सुमारे दोन टन पेंढा गाडतात. राखेतल्या सिलिकामुळे रोपे ताठ आणि काटक होतात. राबासाठी डोंगरातला पातेरा आणि फांद्या तोडून जाळण्याची सवय मोडायला गिरणीतून मिळणारी ही राख पुरेशी आहे.

या मालाची विक्री करायची असेल तर सरबत, कँडी, पीठ यांसारख्या खाद्यपदार्थांना अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते, लेबलावर घटक, वजन आणि टिकण्याची मुदत छापावी लागते. एका घराने एकाच हंगामात सगळे करू पाहू नये. काजू जास्त असेल तिथे रस, रातांबे जास्त असतील तिथे तेल, माडांची बाग असेल तिथे सोडणांचे चर असे एक-दोन निवडून त्यांत हात बसू द्यावा.

शेवटी उरेल ते खताच्या ढिगात. कोकणात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उघड्या खड्ड्यातले निम्मे सत्त्व त्याबरोबर वाहून जाते. ढिगावर झापांचे का होईना, छप्पर हवे आणि तळाशी उंचवटा. चोथा, फणसाची सालपटे असा ओला माल एक भाग आणि सुका पातेरा किंवा पेंढा दोन-तीन भाग असे थर देऊन मधून शेणकाला शिंपडावा, दोन-तीन आठवड्यांनी ढीग उलटावा आणि आतली उष्णता उतरल्यावरच गांडुळे सोडावीत. नारळाच्या बागेजवळचा ढीग दर महिन्याला उकरून पाहणे आवश्यक आहे. माडाचा कोंब पोखरणारा गेंड्या भुंगा याच कुजत्या ढिगात अंडी घालतो. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वळलेल्या, पांढऱ्या, बोटाएवढ्या अळ्या दिसल्या तर त्या वेचून माराव्यात आणि ढिगात मेटारायझियम ही हिरवी बुरशी मिसळावी. ती या अळ्यांना मारते, गांडुळांना इजा करत नाही आणि पुढचे काही महिने ढिगातच टिकून राहते.